पाठीला माती

माझं वजन मी कधी लपवलं नाही. लपवणार तरी कुठे? कर्जतला भिसेगावात आमच्या आळीतली पोरं मला 'टेंपो' म्हणायची. मी वळून बघायचे, कारण मी वळले की ती पळायची. लग्नाचं वय झालं तेव्हा आत्याने एक स्थळ आणलं. पोहे खाऊन झाल्यावर मुलाची आई रुमालाला हात पुसत म्हणाली, "पोरगी चांगली हाय. पन थोडी कमी करता आली तं बघा." मी पोह्यांचं पातेलं घेऊन तिथेच उभी होते. म्हणाले, "कमी नाय होनार मावशी. पायजे तं अजून वाढते." आत्याने कपाळावर हात मारला. पाहुण्यांचा निरोप काही आला नाही, आणि मीही त्याची वाट बघितली नाही.

पण आत्या हार मानणारी नव्हती. तिने मला खोपोलीतल्या एका जिममध्ये घातलं, वजन उतरवायला. मी साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, तेव्हा शिफ्ट सुटली की जिम वाटेतच पडायचं. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल होता, खाली पाइपांचे ढीग आणि वर निळ्या मॅट. शिकवणाऱ्या मॅडम पूर्वी जुदो खेळायच्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. असं बघणाऱ्यांना काय सुनवायचं ते माझ्या जिभेवर तयारच असतं. पण मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "हे उतरवायचं कशाला? हे वापरायचं." माझ्या वजनाचा काही उपयोग आहे असं तोवर मला कुणी म्हटलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले, आणि मग जातच राहिले.

तिथे मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवायचे. ठोसे, लाथा, कुस्ती, गळ्याची पकड, हाताची पकड, सगळं एकाच खेळात आणि जाळीच्या पिंजऱ्यात. आईला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "मंजे भेळ." मला त्याहून चांगलं वर्णन अजून सुचलेलं नाही.

बाबांना मात्र भेळ चालत नव्हती. बाबा पैलवान. सीझनला माथेरानला हातरिक्षा ओढायचे आणि जत्रांचे दिवस आले की डोंगर उतरून कुस्त्या करायचे. त्या काळी आमच्या वस्तीतल्या पैलवानाला जोड मिळायची ती शक्यतो आमच्यातलीच. म्हणजे आपसात लढा, नारळ घ्या आणि घरी जा. एका जत्रेत बाबांनी हट्टाने गावातल्या मोठ्या घरच्या पैलवानाशी जोड मागितली आणि त्याला चीत केलं. हलगी वाजायची थांबली. पंचाने बक्षिसाचा नारळ त्यांच्या हातात दिला नाही, मातीत ठेवला आणि म्हणाला, "उचल." बाबांनी तो उचलला नाही. ते वळले आणि पंचापासून पाटलापर्यंत सगळ्यांना त्यांनी आपली उघडी पाठ दाखवली. पाठीवर मातीचा कण नव्हता. मग ते तसेच चालत घरी आले.

ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मी तेव्हा जन्मले नव्हते हे मला खरं वाटत नाही. "माज्या पाठीला माती कुनी लावली नाय," हे बाबांचं वाक्य. ते बढाई मारत नव्हते. आपल्याला लोळवायला अख्खं गाव टपलेलं असताना पाठ स्वच्छ ठेवणं सोपं नाही. ती त्यांची कमाई होती. मला तिचा अभिमान होता आणि अजूनही आहे.

म्हणूनच मी स्पर्धेत उतरणार म्हटल्यावर त्यांनी जेवता जेवता एक अट घातली. "लढायचं तं लढ. मी आडवा येनार नाय. पन ज्या दिवशी पाठीला माती लागंल, त्या दिवशी बंद. परत त्या जाळीत पाय ठेवायचा नाय."

"बंद," मी म्हणाले.

आई म्हणाली, "कशाला असं बोलतीस गं?" पण शब्द तोंडातून गेला होता. आमच्या घरात दिलेला शब्द परत घेत नाहीत. आणि खाण तशी माती, मी तरी कशी माघार घेणार? माझी अशी समजूत होती की या कर्जत-खालापूर पट्ट्यात मला कुणी आडवं पाडेल असं माणूसच नाही. उभा ट्रक कुणी ढकलून उलटवतं का? मग मी कशी पडणार?

आता गंमत अशी की या खेळात पाठ लागली तर काहीच होत नाही. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की खलास. इथे पंच बघतसुद्धा नाही. मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात पाठीवर झोपवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या वजनाचं माणूस पडलं की उठण्यातच दम घालवतं. उठू नकोस. तिथूनच लढ." खाली पडलेल्याचे दोन हात, दोन पाय, चारही मोकळे असतात. वरच्याला तोल सांभाळायलाच निम्मे लागतात. माझ्या या मांड्या, ज्यांच्यावर आळीत इतके विनोद झाले, त्या कुणाच्या कंबरेभोवती एकदा आवळल्या की त्या माणसाला कुठे जायची सोय राहत नाही. मला ते सगळं फार आवडलं. सरावात पाठ रोज लागायची. सराव धरायचा नाही, हे बाबांनाही मान्य होतं. पण स्पर्धेत मात्र उभ्यानेच लढायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. मला हा खेळ सोडायचा नव्हता. कारखान्यात मी खोके उचलणारी, आळीत टेंपो, आत्याच्या लेखी न खपलेला माल. त्या निळ्या मॅटवर मी कुणीतरी वेगळी होते, आणि ती जागा माझ्या हातून जाऊ द्यायची नव्हती.

स्पर्धा खोपोलीजवळच्या एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीचं लग्न उरकलेलं, झेंडूच्या माळा अजून लटकत होत्या. हॉलच्या मधोमध पिंजरा उभा केला होता आणि स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल खुर्च्यांत पंच बसले होते. वजनाच्या वेळी आयोजकांचा काचेचा काटा माझ्या पायाखाली 'एरर' दाखवून गप्प झाला. मागे कुणीतरी हसलं. मग कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून तांदळाची पोती तोलायचा काटा आला, त्याने मुकाट्याने आकडा सांगितला. हलक्या गटातल्या पोरी वजन बसावं म्हणून पाण्यालासुद्धा शिवल्या नव्हत्या, त्यांचे ओठ सुकले होते. आम्ही हेवीवेटवाल्या चौघी कट्ट्यावर बसून वडापाव खात होतो. जाड असण्याचा इतका सुखाचा दिवस मी त्याआधी बघितला नव्हता.

तेवढ्यात आयोजक माइक घेऊन आमच्यासमोर आला. "ताई, लेडीज हेवीवेटला एंट्रीच नाहीत हो. आपण असं करू, तुमची एक मैत्रीपूर्ण लढत दाखवू आणि चौघींना मेडल देऊन टाकू."

"मैत्री करायला एवढ्या लांब आले व्हय मी?" माझ्या शेजारची म्हणाली. ती घाटावरची, तालमीत वाढलेली कुस्तीगीर. तिची मान माझ्या दंडाएवढी होती, आणि माझा दंड काही लहान नाही.

मी विचारलं, "पुरुषांच्या हेवीवेटला किती आहेत?"

"पाच," तो म्हणाला.

"मग त्यांना पण मेडल वाटा. आमी बसतो टाळ्या वाजवत."

आम्ही चौघी उठून उभ्या राहिलो. नुसत्या उभ्या. त्याने एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा दाराकडे बघितलं आणि जाऊन फळ्यावर आमच्या लढती लिहिल्या. चौघी उभ्या राहिल्यावर काय होतं ते बघून मला फार बरं वाटलं.

पहिली लढत मी पनवेलच्या एका बाईशी खेळले. ती ठोसे छान मारायची, पण मी तिला जाळीवर रेटलं, खाली घेतलं आणि वर बसून राहिले. माझ्याखालून निघणं हा काही एका दुपारचा उद्योग नव्हे. आमची अख्खी आळी टेंपो करून आली होती, त्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. बाबा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते माझ्या पाठीकडे बघत होते.

अंतिम लढत घाटावरचीशी आली.

सुरुवातीला आम्ही दोघी ठोसे मारत राहिलो. तिला ठोसे येत नव्हते, मला येत होते, आणि मला वाटलं की निभलं. मग ती खाली वाकली, माझ्या कंबरेत हात घातले आणि मला उचललं. मला! मला कुणी उचलू शकतं हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कुस्तीत हरणाऱ्याला आस्मान दिसतं म्हणतात. मला मंगल कार्यालयाचे पंखे दिसले, आणि दोन्ही खांद्यांसकट माझी पाठ मॅटवर आपटली.

आणि काय सांगू, ती उठली! मला सोडून उठली, हात वर केले, मांडीवर शड्डू ठोकला आणि जाळीकडे तिच्या माणसांच्या दिशेने पळाली. जन्मभर कुस्ती खेळलेली बाई ती, पाठ लागली म्हणजे तिच्यासाठी लढत संपली होती. तिच्या माणसांनी हलगी आणली होती, ती कडाडली. एवढंच नाही, आमच्या आळीतली माणसंसुद्धा "गेली, गेली" म्हणत उठली. अख्ख्या हॉलला वाटलं की मी हरले. संपलेलं नाही हे ठाऊक होतं ते फक्त पंचाला, मॅडमना आणि मला.

जाळीतून मला बाबा दिसले. ते उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवून दाराकडे चालू लागले, चपला शोधायला.

मी उठू शकले असते, वेळ होता. पण मला राग आला. इतका राग मला पाहुण्यांचा आला नव्हता, 'एरर'वर हसणाऱ्यांचा आला नव्हता. मी पडले, म्हणून मी संपले? कुणी ठरवलं? जिवंत आहे मी, हात हलतायत, पाय हलतायत, आणि माझी माणसं चपला घालायला निघाली! शब्द तर गेलाच होता. आता उभं राहून वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग मी उठलेच नाही. पाठीवर पडून राहिले आणि हाताने तिला खूण केली, ये.

पिंजऱ्यातल्या पंचाने तिला खांद्याला धरून वळवलं. तिला समजेना. तो ओरडला, "फाइट!" तिने माझ्याकडे बघितलं, तिच्या लेखी हरलेली बाई जमिनीवरून तिला बोलावत होती. ती संतापून माझ्या अंगावर आली आणि मी पाय आवळले. तिने मला दाबायला हात पुढे केला, तेवढाच मला हवा होता. हात धरला, कंबर फिरवली, एक पाय तिच्या मानेवरून टाकला आणि कोपर ताणलं. तिने दात आवळले. मग माझ्या मांडीवर पटापट थापा मारल्या. या खेळात थाप मारली म्हणजे हार मानली.

मी सोडलं. ती बाजूला बसून कोपर चोळत मला म्हणाली, अगदी मनापासून, "अगं, पर तुझी पाठ लागली हुती की!"

"लागली होती," मी म्हणाले. काय खोटं बोलायचं?

बाहेर टेंपोत बाबा ड्रायव्हरशेजारी बसले होते. शेवट त्यांनी बघितलाच नव्हता. मी मेडल दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

"जिंकले मी, बाबा."

"पाठ लागली का नाय?"

"लागली."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि कर्जत येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले. मागे आळीतली माणसं नाचत होती. मी त्यांच्यात बसले, पण मला नाचता आलं नाही.

घरी आल्यावर आईने मला दिव्याखाली उभं केलं. "फिर बघू." तिने माझी पाठ नीट बघितली, एकदा हात फिरवून तळवा बघितला, आणि वकिलासारखी बाबांकडे वळली. "कुठं हाय माती? त्या रबरी चटईवर मातीच नाय. आडात नाय तं पोहऱ्यात कुठनं येनार? तुमचा शब्द काय होता? पाठीला माती लागंल तं बंद. लागली नाय. झालं."

आत्या लगेच म्हणाली, "बरोबर हाय वयनीचं." मला आश्चर्य वाटलं ते बाबांचं. त्यांनी मान वर केली. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, त्यांनाही ते चाललं असतं. त्यांनाही मला थांबवायचं नव्हतं. त्यांना फक्त त्यांचा शब्द शाबूत हवा होता, आणि आईने तो शाबूत करून ताटात वाढला होता.

मी गप्प बसले असते तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण जी गोष्ट मी अख्ख्या हॉलसमोर केली ती घरात येऊन झालीच नाही म्हणायची? मला ते जमेना.

"नाय," मी म्हणाले. "पाठ लागली. पुरी लागली. माती असती तं मातीसकट लागली असती. आनि पुढच्या वेळी पन लागंल, कारन माझी लढाई तिथनंच चालू होते."

"आनि शब्द?" बाबांनी विचारलं.

"मोडला."

आई "गप गं" म्हणाली. बाबा उठून उभे राहिले. "आपल्या घरात शब्द मोडनारी तू पयली."

"असंल," मी म्हणाले. आवाज मी खाली केला नाही.

आठवडाभर आम्ही बोललो नाही. मी रोज जिमला गेले. बाबा रोज ओट्यावर बसून मला जाताना बघायचे, आणि आल्यावर बघायचे. आई दोघांना वेगवेगळं वाढायची आणि भांडी आपटायची. शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी मला ते सहन होईना. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. मी त्यांच्यासमोर गेले आणि फरशीवर सरळ आडवी झाले, पाठीवर.

"काय हे?" बाबा म्हणाले.

"पाठ लागली. तुमच्या हिशोबानं मी संपले. या, संपवून दाखवा."

"उठ. लोक बघतात."

"बघू दे. या."

पैलवानाला 'ये' म्हटलं की त्याला बसवत नाही. त्यांनी पेपर ठेवला, लेंगा वर खोचला, माझ्याशेजारी गुडघ्यावर बसले आणि तळवा माझ्या खांद्यावर टेकवला. "ही बघ. टेकली. संपली कुस्ती." त्यांचा हात अजून जड आहे, मला दाबाखाली श्वास घेता येईना. पण मी त्यांचं मनगट पकडलं, दुसरा हात त्यांच्या कोपरामागून घालून माझं स्वतःचंच मनगट धरलं, आणि कुशीवर वळले. बाबांचा हात मागे वळला. त्यांनी ओढून बघितला. निघाला नाही. दुसऱ्या अंगाने जोर लावला, तरी निघाला नाही.

"सोड," ते म्हणाले.

"सोडायचं तं थाप मारा."

"मी जन्मात कदी थाप मारली नाय!"

स्वयंपाकघरातून आई हसल्याचा आवाज आला, आठवडाभरात पहिल्यांदा. मग ती दारात आली आणि तिचं हसू गेलं. "अवो, मारा एक थाप. हात मोडंल ना ती." बाबांनी मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण ते थाप मारणारे नव्हते, आणि मी सोडणारी नव्हते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ होते.

मग मी तशीच, त्यांचा हात धरूनच, जे बोलायचं होतं ते बोलले. "बाबा, तुमची पाठ कुनी लावू शकलं नाय. मला ठाऊक हाय, आनि मी सगळ्यांना सांगते. पन आपल्यात ज्यांची लागली, ते काय तिथंच मेले? त्यांचं पुढं काय? पडल्यावर काय करायचं ते तुमाला कुनी शिकवलं नाय, कारन तुमी पडलाच नाय. मी पडले. मला ते शिकावं लागलं."

रस्त्यावर दूधवाला सायकल थांबवून बघत उभा होता. बाबांचा हात माझ्या हातात होता, आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की त्याचं हाड आता म्हातारं झालं आहे. मी सोडला.

बाबा मागे सरकून बसले. कोपर चोळलं. मनगट फिरवून बघितलं. मी हात कुठून घातला होता ती जागा दुसऱ्या हाताच्या बोटाने चाचपली, पुन्हा चाचपली. मी उठायला लागले.

"उठू नको," बाबा म्हणाले. "पड तशीच. आता या अंगानं येतो."